वायरलेस व्हीपीएनमधून थिन क्लायंट रिमोट डेस्कटॉपला जोडताना

थिन क्लायंटमध्ये साठवण आणि प्रक्रियाशक्ती बेताचीच असते. खरे काम दूरच्या सर्व्हरवर चालते, इथे केवळ पडद्यावरचे चित्र येते आणि इथून कीबोर्ड व माउसच्या हालचाली जातात. म्हणूनच वायफाय, व्हीपीएन (इंटरनेटवरून सर्व्हरच्या नेटवर्कपर्यंत जाणारा सुरक्षित, खासगी मार्ग) आणि रिमोट डेस्कटॉप (दूरच्या संगणकाचा पडदा इथे दाखवणारी सोय) हे तीन थर एकदम उभारू नयेत. खालचा थर नीट चालतो याची खात्री झाल्यावरच वरचा चढवावा, असा माझा आग्रह आहे.

आरंभ घड्याळापासून करावा. मदरबोर्डवरील सेल संपला असेल, तर तारीख मागे जाते आणि प्रमाणपत्रावर (ओळख पटवणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या डिजिटल दाखल्यावर) चालणारे व्हीपीएन योग्य पासवर्ड देऊनही जोडणी नाकारते. वायफायसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडावी, शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि वायफाय कार्डची वीजबचत बंद ठेवावी.

व्हीपीएन म्हणून वायरगार्ड हा प्रकार घेतल्यास किल्ल्यांची जोडी (एक खासगी, एक सार्वजनिक) त्याच यंत्रावर तयार करून केवळ सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडे द्यावी. सर्व्हरचा पत्ता व यूडीपी पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक, बहुधा ५१८२०) भरावा आणि राउटरमागे असल्यास कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा संदेश पाठवण्याचा कालावधी, २५ सेकंद ठेवावा. इथे हमखास घोटाळा होतो तो पत्त्यांचा. दोन्ही टोकांची नेटवर्क १९२.१६८.१.० याच मालिकेत असतील, तर सर्व्हरकडे निघालेले पॅकेट (माहितीचा तुकडा) स्थानिक नेटवर्कमध्येच घुटमळते. अशा वेळी आपल्या राउटरची मालिका बदलणे हाच सरळ उपाय आहे.

सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्यावर पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) पोहोचले, की तोच पत्ता रिमोट डेस्कटॉप क्लायंटमध्ये द्यावा आणि नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (पडदा उघडण्याआधीच ओळख तपासणारी सोय) चालू ठेवावे. प्रमाणपत्राची सूचना आल्यास त्यावरील नाव ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्हीपीएन जमत नाही म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा करणे मात्र कटाक्षाने टाळावे. २०१९ मध्ये उघडकीस आलेली विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधील ब्लूकीप ही त्रुटी लॉगिनच्या आधीच वापरता येत होती, त्यामुळे भक्कम पासवर्डही तिथे निरुपयोगी होता.

लॉगिन होते पण पडदा काळाच राहतो, असे झाल्यास एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, संशय घ्यावा. व्हीपीएनचे वेष्टन चढल्यावर मोठी पॅकेट वाटेत अडतात आणि छोटी तेवढी निसटतात, म्हणून लॉगिन पार पडते आणि चित्र मात्र येत नाही. वायरगार्डचे नेहमीचे मूल्य १४२० असते. ते १२८० पर्यंत उतरवून पाहावे.

अनेक थिन क्लायंटमध्ये राइट फिल्टर (साठवणीवर कायमचे बदल होऊ न देणारी सोय) असतो आणि तो चालू असताना केलेले बदल रीस्टार्टनंतर पुसले जातात. म्हणून सर्व मांडणी फिल्टर बंद करून साठवावी, फिल्टर पुन्हा चालू करावा आणि यंत्र एकदा पूर्ण बंद करून सुरू केल्यावर जोडणी आपोआप होते का, हे पाहूनच ते वापरणाऱ्याच्या हाती द्यावे.