पाच लिटरचा डबा आणि दुधाच्या हिशेबाची वही

‘दिवसभर घरात आणि ऑफिसात उभीच असते, चार वेळा जिना चढते-उतरते, मग आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बायका ज्या वैतागाने विचारतात तो वैताग खरा आहे, पण प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना आवडणारे नाही. श्रम आणि व्यायाम यांतला मोठा फरक असा, की श्रम वर्षानुवर्षे तेवढेच राहतात. धुण्याची बादली पंधरा वर्षांपूर्वी होती तेवढीच आजही असते, कणकेचा गोळाही तेवढाच असतो. शरीराला त्या ओझ्याची सवय होऊन गेलेली असते, आणि सवयीच्या ओझ्यासाठी स्नायू नव्याने कमावण्याचे त्याला काही कारण उरत नाही. माणूस दमतो, पण बळकट होत नाही. ताकदीच्या व्यायामात ओझे मोजून, थोडे थोडे वाढवत नेलेले असते, आणि सगळी मेख त्या वाढवण्यात आहे.

हे याच वयात का करायचे, तर तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही घट आणखी वेगाने होते. आपल्याकडे पाळी कायमची थांबण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. त्या सुमारास इस्ट्रोजेन हे हाडांना जपणारे संप्रेरक कमी होते आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज झपाट्याने होते. हाडावर ओझे आले, स्नायूने त्याला ओढ दिली, की ते हाड टिकवून धरण्याची सूचना शरीराला मिळते. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायूच करतात, त्यामुळे घरात मधुमेहाचा वारसा असलेल्या बाईने तर स्नायू जपलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. चालणे अवश्य चालू ठेवावे. फक्त त्यालाच ताकदीचा व्यायाम समजू नये.

सुरुवात करण्यापूर्वी काही जणींनी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. रक्तदाब आटोक्यात नसेल, चालताना छातीत दुखत असेल, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल, मणक्याचा त्रास असेल, किंवा मधुमेहासाठी इन्शुलिन अथवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर परवानगीशिवाय ओझे उचलू नये. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण ज्याला आपण ‘वयाचा थकवा’ म्हणतो तो पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचा असतो. आणखी एक गोष्ट बायका एकमेकींतही बोलत नाहीत, म्हणून येथे स्पष्ट लिहिते: शिंकताना, खोकताना किंवा ओझे उचलताना लघवीचे थेंब जात असतील, अथवा अंग बाहेर येत असल्यासारखे वाटत असेल, तर ते लाजेचे नव्हे, उपचाराचे काम आहे. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. आधी त्यांच्याकडे जावे.

साधनांवर पैसे घालवण्याची घाई करू नये. मी प्रथम एका जिममध्ये नाव घातले, तेव्हा प्रशिक्षकाने गुलाबी रंगाचे १ किलोचे डंबेल हातात ठेवले आणि सहा महिने ते तसेच राहिले. माझ्या पर्सचे वजन त्याहून जास्त भरत असे. त्यानंतर घरातला खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा डबा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन घेतला. एक लिटर पाणी म्हणजे १ किलो, इतका सोपा हिशेब दुसऱ्या कोणत्याच साधनात नाही. मापाच्या भांड्याने अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतत डब्याच्या बाजूवर मार्करने रेघा मारल्या, की तयार होणारे वजन अर्ध्या किलोने वाढवता येते. बाजारातल्या ठरावीक वजनाच्या डंबेलमध्ये ही सोय नसते. डब्याची मूठ बोटांना कापते, म्हणून तिच्यावर जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि झाकण पक्के लावून डबा एकदा उलटा धरून पाहावा. असे दोन डबे, एक भक्कम खुर्ची आणि एक वही एवढ्यावर पहिले काही महिने सहज निघतात.

व्यायाम पाचच आहेत. पहिला खुर्चीवरून उठण्याचा. पावले खांद्यांइतकी रुंद ठेवून, हातांचा आधार न घेता उठावे आणि बसताना धपकन न बसता मनात तीन अंक मोजत खाली यावे, गुडघे आत वळू देऊ नयेत. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी; हे जमू लागले की डबा छातीशी धरावा.

दुसऱ्या व्यायामावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण कंबर धरण्याची पुष्कळ प्रकरणे याच हालचालीत घडतात. खालची वस्तू उचलताना आपण पाठीची कमान करून वाकतो. प्रत्यक्षात वाकायचे असते ते खुब्यातून. भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहावे. गुडघे किंचित सैल सोडून, पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवावेत. या वेळी मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे. कमरेत जाणवला तर हालचाल चुकली. भिंतीला टेकणे सहज जमले की दोन बोटे पुढे सरकून पुन्हा करावे. आठवडाभर रिकाम्या हातांनी हे केल्यावरच दोन्ही हातांत डबे घ्यावेत, ते मांड्यांना जवळजवळ घासत खाली न्यावेत आणि गुडघ्यांच्या थोडे खाली पोहोचले की परत वर यावे. हे अंगात मुरले की गॅसचे सिलिंडर सरकवताना किंवा नातवंड उचलताना शरीर आपोआप तसेच वाकते.

तिसरा ढकलण्याचा: आधी भिंतीवर हात टेकून दंड काढावेत, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग खाटेच्या कडेवर, आणि पुढे कधीतरी जमिनीवर. आधार जितका खाली तितका भार जास्त. चौथा ओढण्याचा: एक हात खुर्चीवर टेकवून पुढे झुकावे आणि दुसऱ्या हातातला डबा, कोपर मागे नेत, कमरेपर्यंत खेचावा. दिवसभर संगणकापुढे खांदे पुढे पाडून बसणाऱ्या बाईने हा एक चुकवू नये. पाचवा सगळ्यांत साधा, एका हातात डबा घेऊन ताठ चालण्याचा. ज्या बाजूला ओझे आहे त्या बाजूला न कलता दिवाणखान्यात फेऱ्या मारायच्या आणि मग हात बदलायचा.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा करावा, मग दीड-दोन मिनिटे थांबून तेवढेच आवर्तन पुन्हा करावे; चालण्याचे मोजमाप अर्ध्या मिनिटाचे धरावे. पहिला महिना दोन आवर्तने पुरतात, नंतर तीन. ओझे किती असावे याची खूण अशी, की थांबताना ‘आणखी दोन-तीन वेळा जेमतेम जमले असते’ असे वाटले पाहिजे. बारा वेळा करूनही शेजारणीशी गप्पा मारता येत असतील तर ते ओझे हलके आहे. उचलताना श्वास सोडावा, खाली नेताना घ्यावा आणि कधीही कोंडून धरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर काळजी नाही. सांध्यात कळ आली, सूज दिसली किंवा मुंग्या आल्या, तर तो व्यायाम त्या दिवशीच थांबवावा.

आता वही. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानापासून लिहायला घेतले, कारण ती वही रोज हाताखाली असते. तारीख, व्यायाम, किलो आणि प्रत्येक आवर्तनाचा आकडा, एवढेच लिहायचे: ‘ओढणे, ३ किलो, १०, ९’. सगळ्या आवर्तनांत बाराचा आकडा सलग दोनदा आला की पुढच्या वेळी अर्धा लिटर पाणी वाढवायचे आणि आकडा आठावर उतरला तरी चालवून घ्यायचा. वही नसेल तर माणूस सवयीने त्याच रेघेवर थांबतो, आणि मग हा व्यायामही धुण्याच्या बादलीसारखा होऊन बसतो.

वेळेचे गणित पंचवीस-तीस मिनिटांचे आहे, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून टाकावेत. ‘वेळ मिळेल तेव्हा’ हा वार पंचांगात नाही. सलग वेळ मिळत नसेल तर तीन व्यायाम सकाळी आंघोळीपूर्वी आणि दोन संध्याकाळी केले तरी स्नायूंना सारखेच. मात्र गॅसवर फोडणी ठेवून मधल्या वेळात उठाबशा काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्यात फोडणीही करपते आणि लक्षही हालचालीवर राहत नाही. त्या अर्ध्या तासात चहा कोण करणार, हे घरात आधीच सांगून ठेवावे.

खाण्याबाबत थोडक्यात. निरोगी प्रौढासाठी आपल्याकडे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या मध्यमवयीन बाईने १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाण्यास हरकत नसते, मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारून. पोह्यांची बशी आणि चहा यांत प्रथिने फारशी नसतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ ग्रॅम मिळतात. सगळ्यांना वाढून उरलेले वरण आपण घ्यायचे, ही पद्धत तेवढी मोडावी लागेल.

गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे आजारपण यांत खंड पडणारच. एक आठवडा चुकला तर वहीतल्या शेवटच्या आकड्यापासून पुढे जावे. तीन-चार आठवडे गेले असतील तर डब्यातले एक लिटर पाणी काढून टाकावे आणि दोन आवर्तनांपासून पुन्हा सुरू करावे. काही महिन्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला डबाही हलका वाटू लागतो. तेव्हा त्यात पाण्याऐवजी कोरडी वाळू भरावी. तोच डबा साडेसात ते आठ किलोंपर्यंत जातो, मात्र त्याआधी मूठ एवढे वजन पेलते की नाही, हे तो जमिनीपासून बोटभर उचलून तपासावे.