बेळगावात नव्याने आलात आणि इन्हेलर लागतो?

कोल्हापूर-सांगलीकडून बदलीवर किंवा लग्न होऊन इकडे आलेल्यांनी, मे संपायच्या आत औषधाची सोय लावून घ्या. मीही घाटावरूनच येऊन इथला झालो. खानापूरकडचा पाऊस एकदा धरला की भिंती ओल सोडत नाहीत. निपाणीकडे घर घेतलं असेल तर तंबाखूच्या वखारींपासून जरा लांबच बघा.

सगळे विचारतात, कंपनीचा घेऊ की जेनेरिक? खरं तर आपण ज्याला ‘कंपनीचा’ म्हणतो तो अस्थालिनसुद्धा साल्ब्युटामॉलच. मूळ पेटंट केव्हाच संपलंय, अनेक कंपन्या तेच औषध करतात. धाप लागल्यावर घ्यायचा हा पंप १०० मायक्रोग्रॅमचाच असेल तर जनऔषधी केंद्रातला घ्यायला माझी हरकत नाही. पण आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर स्वस्त मिळाला म्हणून खूश होऊ नका, डॉक्टर गाठा. रोजचं स्टिरॉइडचं औषध कमी पडतंय, नाहीतर ओढायची पद्धत चुकतेय.

खरी गडबड रोजच्या औषधात होते. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची पावडरची कॅप्सूल एका कंपनीची आणि ती फोडून ओढायचं यंत्र दुसऱ्याच कंपनीचं, असं झालं की पावडर नीट बाहेर पडेल याचा भरवसा नाही. कॅप्सूल बदलली तर यंत्रही त्याच कंपनीचं घ्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. (कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, हसू नका.) ऐन पावसाळ्यात तर अशी अदलाबदल करूच नये.

जेनेरिक हवं असेल तर चिठ्ठीवरच औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. चिठ्ठीत ब्रँड असेल तर दुकानदाराने आपल्या मनाने दुसरं देऊ नये, असा औषध नियमांचा दंडक आहे. खडेबाजार, गणपत गल्लीत मराठीत बोलणं होतं. गोकाक-अथणीकडे गेलात तर जुना रिकामा डबा खिशात ठेवा, तो काउंटरवर ठेवला की काम भागतं.

स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं. १२० पफचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेतला तर ३० दिवसांत संपतो. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहा. हलवून बघण्यात अर्थ नाही, औषध संपलं तरी आत गॅस खुळखुळतोच.