धाकटीचं ताट आठ दिवस बघा

लातूरला शिकायला आलेल्या पोरांसाठी आम्ही दोघी जावा मेस चालवतो. दोन्ही वेळचे मिळून ऐंशीएक डबे. पीठ एक, भांडं एक, फोडणी एक; तरी माझं वजन ७८ किलो आणि धाकटीचं ४९. उंचीत बोटभराचाही फरक नाही. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, तिच्या अंगालाच लागत नाही. मागच्या दिवाळीनंतर माझे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले, तेव्हा डाएटचा कागद आणण्याऐवजी मी आठ दिवस धाकटीचं ताट बघायचं ठरवलं. कसं बघायचं आणि त्यातलं काय उचलायचं, ते सांगते.

आधी माणूस नीट निवडा. पथ्य करून बारीक झालेलं नको, आजारानं उतरलेलं तर नकोच. वजनकाट्याकडं ढुंकून न बघणारं, सणाला पोटभर जेवणारं आणि तरी त्याच मापाचे कपडे घालणारं माणूस हवं. धाकटीला लग्नातला ब्लाऊज अजून होतो, हाच माझा पुरावा. त्या माणसाला काही सांगू नका. सांगितलं की ते लाजून कमी खाणार, नाहीतर हट्टानं जास्त. मी मेसच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर चार रकाने पाडले: कधी खाल्लं, किती खाल्लं, किती वेळात, आणि ताटात किती ठेवलं. चौथा रकाना गाळू नका, खरी गंमत तिथंच आहे.

पहिल्या तीन दिवसांत एक गोष्ट कळली, ती म्हणजे धाकटी उभ्यानं काही खात नाही. सकाळी सहाला अर्धा कप चहा, साडेनवाला एक धपाटं आणि दही, मग थेट दुपारी दोनला जेवण, रात्री नऊला पुन्हा. मधल्या वेळात ती भाजीची चव बघते, पण तळहातावर थेंबभर घेऊन. मी मात्र दिवसभर ‘काहीच खात नाही’. हे खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटायचं.

म्हणून चौथ्या दिवशी मी एक प्रयोग केला. तुम्ही दुसरं काही केलं नाही तरी हा एकदा कराच. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत उभ्यानं जे तोंडात टाकणार होते, ते सगळं एका वाडग्यात टाकत गेले. कुटासाठी भाजलेले शेंगदाणे, दोनदा मूठभर. पिठल्याच्या कढईची खरवड. तव्यावर मोडलेली अर्धी भाकरी. गुळाचा खडा. काल रात्रीचा उरलेला भात, दोन घास, भांडं घासायला टाकायचं म्हणून. दोन वाजता वाडगा शिगोशीग भरला होता. नुसत्या शेंगदाण्यांचं बघा: ३० ग्रॅम दाण्यांत साधारण १७० कॅलरी, आणि ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही जवळपास तेवढ्याच. म्हणजे दोन मुठी दाण्यांत माझ्या दोन भाकरी आधीच होऊन गेल्या होत्या. वर दुपारी तीन जेवायची ती वेगळीच.

उपाय साधा. जे खायचं ते ताटलीत घ्यायचं आणि बसून खायचं. शेंगदाणे बंद करू नका, आपल्याकडं ते जमणारही नाही. पण ताटलीत घेऊन बसायचं म्हटलं की निम्म्या वेळा कंटाळा येतो आणि खाणं राहून जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. मी घड्याळ लावलं. धाकटीला दीड भाकरी जेवायला पंचवीस मिनिटं लागली, मला तीन भाकऱ्यांना अकरा. पोट भरल्याची खबर मेंदूला नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. पोट ताणतं, आतड्यातून संप्रेरकं सुटतात, मग ‘बास’ वाटतं. माझी खबर पोचेपर्यंत मी हात धुऊन मोकळी. घास बत्तीस वेळा चावा असं सांगतात, तेही करून बघितलं. जबडा दुखला आणि वरण गार झालं. त्यापेक्षा धाकटी काय करते ते सोपं आहे: तोंडातला घास संपेपर्यंत पुढचा मोडत नाही. मी पुढचा घास हातात तयार ठेवून चावायची, तो वाट बघत असला की आधीचा आपोआप ढकलला जातो.

आणखी एक. ती भाकरी कुस्करत नाही. वरणात कुस्करलेली भाकरी चावायची नसतेच, ती प्यायची असते. तीच भाकरी अंबाडीच्या भाजीशी, कांदा फोडून, थंडीच्या दिवसांत हाती लागली तर पातरीच्या कच्च्या पाल्याशी खा, तोंडाला काम पडतं. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, त्यामुळं ती पोटात टिकते. तीन दिवस कुस्करून आणि तीन दिवस तोडून खाऊन बघा. मला अर्ध्या भाकरीचा फरक पडला.

आता चौथा रकाना. आठ दिवसांतून पाच वेळा धाकटीनं ताटात काहीतरी ठेवलं. चतकोर भाकरी, दोन घास भात. घासाच्या मध्येच थांबते, म्हणते, “बास झालं, अक्का. पोटात जागा नाही, कुठं घालू?” आणि उठते. मला हे इतकी वर्षं उर्मटपणाचं वाटायचं. माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर तिनं ती वर्षं काढली. तिच्या घरात ताट पुसून खाल्लं नाही तर पाठीत धपाटा बसायचा, तो दह्याबरोबरचा नव्हे. मी उरलेलं टाकू शकत नाही, म्हणून पोटात टाकत आले. पोरं सुट्टीला गावी गेली की डबे उरायचे, आणि त्या दिवसांत माझं वजन वाढायचं.

ही सवय शिव्या घालून जात नाही, मी घालून बघितल्या. ताटात टाकायची हिंमत अजूनही होत नाही, तेव्हा मी दुसऱ्या टोकाकडून धरलं. आधी एकच भाकरी वाढून घ्यायची. ती संपली की दहा मिनिटं थांबायचं, त्यात डब्यांची झाकणं पुसून होतात. मग भूक असेल तर अर्धी आणखी, आणि ती बिनदिक्कत. उरलेल्यासाठी पोटाआधी दुसरी जागा ठरवून ठेवा: भाकरी सकाळी फोडणीला, भाजी झाकून फ्रिजमध्ये, अगदीच राहिलं तर गल्लीतल्या गाईला. जागा ठरलेली नसली की सगळं आपल्याकडंच येतं.

गोडाचं मात्र मला नवल वाटलं. होळीला धाकटी दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाते, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भज्जी आणि आंबील ओरपते, कुणाचं ऐकत नाही. पण त्या रात्री जेवत नाही. ‘पाप झालं’ म्हणून नव्हे, भूक नसते म्हणून. मी दोन पोळ्यांनंतर रात्री वेळ झाली म्हणून जेवायची आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाचा उपास धरून साबुदाण्याची खिचडी हाणायची. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. आमच्या यजमानांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवायचा नियम धरला होता, पंचावन्न मिनिटांचं घड्याळ लावून. सणावार आले आणि तो सुटला. धाकटीला नियमच नाही, त्यामुळं सुटायलाही काही नाही.

चहाचं थोडक्यात: माझे सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास. आता तीन चहा, एकेक चमचा. पहिला आठवडा जीभ रुसते.

यातलं सगळंच उचलता येत नाही, हेही सांगते. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंवर गेली. ज्यांची वाढली नाही ते नकळत जास्त हलत होते; उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या. धाकटी फोनवर बोलतानाही गच्चीभर फिरते. मी फोन आला की आधी खुर्ची शोधते. शिवाय तिची आई, मामा, सगळे वाळक्या काठीसारखे. त्यामुळं ४९ चं स्वप्न बघू नका. मी नऊ महिन्यांत ७८ वरून ७३ वर आले आणि तिथंच थांबले आहे.

बारीक म्हणजे निरोगी, असंही धरून चालू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी यडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२.३ होता, पण यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडची अंगकाठी अशी फसवते. हे वाचून मी धाकटीला ओढत लॅबमध्ये नेलं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ठीक आली, तिची ५.९ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता गोड बघून खायची पाळी तिची. आणि घरातलं कुणी काही न करता उतरत चाललं असेल, तर त्याचं ताट बघत बसू नका, डॉक्टरकडं न्या.

शेवटची सूचना: आठ दिवस झाले की पान फाडून टाका. मी फाडलं नाही. संक्रांतीच्या आधी किराण्याचा हिशेब शोधताना धाकटीला ते सापडलं. “अक्का, तुम्ही माझे घास मोजायलाव?” मी म्हटलं, अगं, शिकण्यासाठी. ती काही बोलली नाही. वहीचं पुढचं पान उलटलं, चार रकाने आखले, वर माझं नाव लिहिलं आणि माझ्यासमोर बसून विचारलं, “सकाळपासून दाणे किती मुठी झाले?”