बागेतून वाट मागणारा अर्ज आला तर

नगरपरिषदेच्या मालमत्ता विभागात माझी सगळी नोकरी झाली. 'माझ्या प्लॉटला रस्ता नाही, बागेच्या कडेने जाऊ द्या,' हा अर्ज मला कायम सगळ्यात अवघड वाटला. अर्जदार बहुधा खरंच अडलेला असतो, आणि बागेच्या बाजूने अर्ज घेऊन कोणी येत नाही. नव्याने त्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

जागेवर जाण्याआधी कागद काढा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, विकास आराखड्याचा भाग नकाशा, मंजूर रेखांकन (ले-आउट). बाग परिषदेच्या मालकीची आहे, सरकारी जमिनीवर आहे, की ले-आउटमधली खुली जागा आहे? खुली जागा असेल तर तिथल्या प्लॉटधारकांना आधी नोटीस द्या आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या. 1991 साली बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं बेकायदा ठरवलं, आणि आसपासच्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागता येते हेही मान्य केलं. वाटेची मागणी त्याहून लहान असली तरी जागा त्याच लोकांची.

मग शोधायचं ते हे, की मागचा प्लॉट अडला कसा. इथे घाई करू नका. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारखा वापराचा हक्क. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातला गरजेचा हक्क कलम 13 मध्ये आहे. दोन्ही जमिनी पूर्वी एकाच मालकाच्या असतील आणि विक्रीसारख्या हस्तांतराने, मृत्युपत्राने किंवा वाटणीने तुटल्या असतील, तरच तो मिळतो. मालकाने पुढचा तुकडा बागेसाठी परिषदेला विकला आणि मागचा स्वतःकडे ठेवला असेल, तर त्याचं म्हणणं वजनदार आहे. ते नाकारून कोर्टात पाठवू नका. मालकाने स्वतःच पुढचा भाग दुसऱ्याला विकून स्वतःला कोंडून घेतलं असेल, तर वाट त्या खरेदीदाराकडे मागावी, बागेकडे नव्हे. जुनी खरेदीखतं आणि फेरफार वाचल्याशिवाय हे कळत नाही. वाचाच.

'आम्ही वडिलांपासून इथून जातोय' असं सांगितलं जाईल. वहिवाटीच्या हक्काला 20 वर्षांचा उघड, अखंड आणि हक्काने केलेला वापर लागतो. जमीन सरकारची असेल तर 30 वर्षांचा. परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत. पण तोंडी परवानगी नंतर सिद्ध करता येत नाही, म्हणून माळ्याने नुसतं 'जा' म्हणणं किंवा सगळ्यांनी कानाडोळा करणं बागेला महागात पडतं. लेखी परवाना दोन्ही पक्षांना बरा.

आता जागेवर. नगर भूमापनाचा भूमापक बरोबर घ्या आणि बागेची नव्हे, अर्जदाराच्या प्लॉटची चारही बाजूंनी हद्द फिरा. बुजवलेला बोळ, नाल्याकडची पट्टी, शेजाऱ्याच्या कंपाउंडने खाल्लेला रस्ता असं काहीतरी पुष्कळदा सापडतं. दुसरी वाट लांबची किंवा चिखलाची आहे, एवढ्यावरून गरज सिद्ध होत नाही.

वाट द्यायचीच ठरली तर परवाना द्या, कायमचा हक्क देऊ नका. नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 92 प्रमाणे शासनाच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही, आणि सुविधाधिकाराचा दस्त तर नोंदणी करूनच द्यावा लागतो. परवाना रद्द करता येतो. पण सुविधाधिकार कायद्याचं कलम 60 लक्षात ठेवा: परवानाधारकाने त्या परवान्याच्या भरवशावर स्वखर्चाने पक्कं बांधकाम केलं, तर तो रद्द करता येत नाही. 'मी माझ्या पैशाने काँक्रीट करून देतो, परिषदेला खर्च नाही' ही सूचना सभेत सगळ्यांना आवडते. तिला ठाम नकार द्या. पेव्हर ब्लॉक परिषदेनेच बसवावेत, मालकी परिषदेचीच राहील असं परवान्यात लिहावं, आणि वापराचं वार्षिक शुल्क घ्यावं.

रुंदी गरजेइतकीच. एका घरासाठी पायवाट आणि दुचाकी पुरत असेल, तर ट्रकची रुंदी कशाला? पट्टा कंपाउंडला लागून घ्या, हिरवळीतून किंवा खेळण्यांमधून मुळीच नको. वाटेत झाड येत असेल तर वाट वळवा. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावायचा नाही, आणि मुळांवर खडी ओतून दाबलेलं झाड काही वर्षांत वाळतं, ते कागदावर दिसत नाही.

ठराव सर्वसाधारण सभेतच करा आणि मोजणीचा नकाशा त्याला जोडा. परवान्यात पट्ट्याची लांबी-रुंदी, कोणती वाहनं, कोणत्या वेळी, किती मुदतीसाठी, हे सगळं मीटरमध्ये आणि तारखांसह लिहा. वाहन उभं करायचं नाही, फाटक बसवायचं नाही, नळ आणि केबलसाठी वेगळा अर्ज. बागेत येणाऱ्यांना त्या पट्ट्यावरून चालायची मोकळीक राहील, हे वाक्य विसरू नका. नाहीतर वर्षभरात तिथे 'खासगी रस्ता' अशी पाटी लागते. परवाना व्यक्तीला असतो, प्लॉटला नाही. प्लॉट विकला की नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा, आणि पलीकडून सार्वजनिक रस्ता झाला की परवाना संपला. ही नोंद मालमत्ता नोंदवहीत बागेच्या पानावर करा, म्हणजे तुमची बदली झाल्यावरही पुढच्या माणसाला ती सापडेल.