जुन्या वस्तूंना शेतघराचा बाज देताना या चुका टाळा

एका जुन्या स्टुलाला मी मातकट पांढऱ्या चॉकपेंटचे (खडूसारख्या, बिनचमकीच्या रंगाचे) दोन हात दिले. दिसायला छानच झालं. आठवड्याभरात कडेला नख लागलं आणि रंगाची बोटभर पट्टी एका ओढीत सुटून आली. खालचं लाकूड गुळगुळीत, चकाकणारं. त्या स्टुलाला वर्षानुवर्षं मेण लावलेलं होतं आणि मी ते न पाहताच ब्रश उचलला होता.

या कामातल्या बहुतेक चुका अशा रंगाच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. ‘चॉकपेंटला घासायची गरज नाही’ असं सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. मेण आणि तेलकटपणा यांवर कुठलाच रंग धरत नाही. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा गोल राहिला तर वर मेण, तेल किंवा वॉर्निश आहे. मेण असेल तर टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसा, दर वेळी फडकं बदला, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा. रंग आधीच सुटू लागला असेल तर वरून आणखी एक हात देऊन काही होत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे पांढऱ्या रंगातून वर येणारे पिवळे-तपकिरी डाग. लोक तिसरा हात देतात, चौथा देतात, डाग पुन्हा उमटतात. लाकडातलं टॅनिन हे तुरट, तपकिरी द्रव्य पाण्यात विरघळतं आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाबरोबर वर येतं. शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर, म्हणजे रंगाखालचा हात, एकदा मध्ये आला की ते थांबतं.

आता किडीबद्दल, कारण इथे चूक एका वस्तूपुरती राहत नाही. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली की लोकांना ती ‘जुनेपणाची खूण’ म्हणून आवडतात. मलाही आवडतात, पण कीड मेलेली असेल तरच. वस्तू भुकटी झटकून काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे, ती वस्तू घरात आणू नका. भुसा पडला नाही म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका, काही महिने नजर ठेवा. बोरेटचं (कीड मारणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचं) द्रावण कोऱ्या लाकडात मुरतं, रंगावरून आत जात नाही, म्हणून ते रंगाआधीच लावायचं. लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तरी चालते. मालवाहू पॅलेटच्या फळ्या वापरत असाल तर शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटं दिलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते लाकूड घरात नकोच.

आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. शिसं तपासायचं किट मिळतं. शंका असेल तर त्या रंगाला हातच लावू नका.

झिजल्याचा परिणाम आणताना सगळीकडे सारखा पॉलिश पेपर मारला जातो आणि वस्तू जुनी न दिसता ओरबाडलेली दिसते. खरी झीज हात लागतो तिथे होते. खणाच्या मुठीभोवती, खुर्चीच्या हातांवर, पायांच्या तळाशी, झाकणाच्या पुढच्या कडेला. आधी ती वस्तू रोज वापरल्यासारखी हाताळून बघा, बोटं कुठे टेकतात ते पाहा आणि तेवढंच घासा.

जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीची कुंडी करताना गंज काढायला व्हिनेगर वापरू नका, ते जस्तच खातं. साधा ऑइलपेंटही त्यावर टिकत नाही. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन खाली साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्रे धरतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे अशा जस्त चढवलेल्या पत्र्यासाठीचा प्रायमर आधी लावा. तळाला भोकं पाडायला विसरू नका.

लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यांत उष्णता निर्माण होते आणि ठिणगीशिवाय आग लागू शकते. ती बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

खिडकीची जुनी चौकट भिंतीवर टांगायची असेल तर आधी तिचं वजन करा. काचेसकट ती वाटते त्याहून जड भरते. मागे पातळ दोरी आणि एक खिळा पुरत नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि भिंतीत प्लगमध्ये बसवलेले स्क्रू हवेत. काच सैल वाटली तर काढून टाका. नुसती चौकट तितकीच सुंदर दिसते, आणि पलंगाच्या वर तर काचेची नकोच.