आपलं आर्थिक मत आलं कुठून, हे कसं शोधायचं (कांद्याच्या उदाहरणावरून)

महागाई, कर्जमाफी, अनुदान, निर्यातबंदी, यावर आपलं प्रत्येकाचं काहीतरी ठाम मत असतं आणि ते बहुतेक वेळा घरात पैसा कसा यायचा आणि कधी यायचा नाही यावरून बनलेलं असतं. त्यामुळे कुणाशी वाद घालायच्या आधी स्वतःचं मत उलगडून बघा. मी कांद्यावरून सांगतो, कारण आमचं घर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आणि मी स्वतः पुण्यात पगारावर, म्हणजे कांदा विकणाऱ्या घरातला पण मी आणि किलोने विकत घेणारा पण मीच.

आधी मत एका वाक्यात लिहा, खाली प्रसंग लिहा. माझं वाक्य होतं, "सरकारने बाजारात हात घालू नये." त्याखालचा प्रसंग डिसेंबर 2023 चा. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं होतंच, आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद. तेव्हा बाजारात लाल कांदा येत होता आणि लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत (साठवायच्या शेडमध्ये) भरून चार-पाच महिने थांबता येत नाही, त्यामुळे भाव पडला तरी ट्रॉली भरून न्यावीच लागते. हे ज्याने घरात बघितलंय त्याला "थोडे दिवस थांबा ना, भाव येईल" म्हणणाऱ्याचा राग येणारच.

मग कागद काढा. बाजार समितीत माल विकला की हिशोबपट्टी मिळते, त्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात आलेली रक्कम असते. शेजारी खर्च मांडा: रोप, लागवडीची मजुरी, खतं-औषधं, काढणी, ट्रॅक्टरचं भाडं. आणि प्लीज, फक्त तोट्याच्या वर्षाच्या पट्ट्या काढू नका. चांगले पैसे झाले त्या वर्षाच्या पण काढा, कारण घरात चर्चा कायम पडलेल्या भावाचीच होते आणि आपलं मत त्या चर्चेवर पोसलं जातं.

त्या प्रसंगात आणखी कोण कोण होतं ते बघा. पुण्यात मी जिथे जेवायचो त्या खानावळीच्या मावशींना कांदा महागला म्हणून दर महिन्याला डबा महाग करता येत नाही, गिऱ्हाईक तुटतं. आमच्या शेतात एकराच्या ठेक्याने कांदा काढणारी बाई संध्याकाळी घरी जाऊन भाजी-भाकरीच करते, तिला भाव पडलेला चालतो पण शेतकरी बुडाला तर तिचा ठेका पण जातो. व्यापाऱ्याला मी अजूनही शिव्या घालतो, पण बंदीच्या दिवशी बंदरावर माल अडकला त्याचं नुकसान झालं हेही खरंय.

आता सत्तेचा प्रश्न: निर्णय कोणी घेतला आणि त्याला भीती कोणाची होती? मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1998 ला दिल्ली विधानसभेत सत्ताधारी पक्ष हरला तेव्हा कांद्याचा भाव हा मोठा मुद्दा होता, आणि केंद्रातलं कुठलंच सरकार ते विसरलेलं नाही. शिवाय तेव्हाच्या, 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या महागाई निर्देशांकात (सरकार महागाई मोजतं तो आकडा) खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, त्यामुळे भाजी महागली की वरपर्यंत हालचाल होते. आता उलटी बाजू बघा. निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही) राहिलं, आणि 20 मे ला नाशिक, दिंडोरीत मतदान झालं. दोन्ही जागा महायुतीने गमावल्या. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला.

एक लक्षात ठेवा, सारखाच अनुभव असला तरी मत सारखंच होईल असं नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची, युनिव्हर्सल पोस्टल युनियन या जागतिक टपाल संस्थेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली, आणि शेती तोट्यात का जाते याचं उत्तर त्यांना सरकारी धोरणात सापडलं. पुढे डंकेल प्रस्तावाला, म्हणजे शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करणाऱ्या कराराच्या मसुद्याला, त्यांनी पाठिंबा दिला, तर कर्नाटकात शेतकऱ्यांचेच नेते असलेल्या नंजुंडस्वामींनी त्याच प्रस्तावाविरुद्ध रान उठवलं. म्हणून "मी भोगलंय, मला माहितीये" एवढ्यावर थांबू नका, त्या भोगण्यातून अजून कुठलं मत निघू शकलं असतं ते पण लिहून काढा.

शेवटी पहिलं वाक्य परत लिहा. माझं आता असं झालंय: हंगामाच्या मध्यात निर्यातीचे नियम बदलू नयेत, बदलायचेच असतील तर लागवडीच्या आधी सांगावं, आणि भाव चढला तर गरीब घराला थेट पैसे द्यावेत, शेतकऱ्याच्या खिशातून नको. हे वाक्य मी निफाडला पण बोलू शकतो आणि खानावळीच्या मावशींसमोर पण, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला त्यावर हो की नाही असं सरळ विचारता येतं.