टेस्टला जाताय? मग नेमकं कुठे काय केलंय ते सांगा

पहिल्यांदा एसटीआयची, म्हणजे सेक्समधून पसरणाऱ्या आजारांची, टेस्ट करायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी फक्त "लग्न झालंय का?" एवढंच विचारलं, मी नाही म्हटलं, त्यांनी लघवीची टेस्ट लिहून दिली आणि मी रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून खुश होऊन घरी. आता कळतं की त्या रिपोर्टला अर्धाच अर्थ होता.

कारण परमा म्हणजे गोनोरिया, आणि क्लॅमिडिया, हे घशात किंवा गुदात असले तर बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही आणि लघवीत सापडतही नाहीत. म्हणून लाज सोडून सरळ सांगायचं, ओरल (तोंडाने सेक्स) करतो, बॉटम आहे (म्हणजे मागून घेतो), घशाचा आणि मागचा पण स्वॅब घ्या. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं तर डॉक्टर बदला.

धोका कुठे वाढतो ते पण बघा. गुदाच्या आतलं अस्तर पातळ, पटकन खरचटतं, त्यामुळे कंडोमशिवाय बॉटम करणाऱ्याला एचआयव्हीचा धोका सगळ्यात जास्त, टॉपला (म्हणजे आत घालणाऱ्याला) कमी पण शून्य नाही हां. त्यात आपली लाडकी खोबरेल तेलाची बाटली! तेल किंवा व्हॅसलीन लागलं की लेटेक्सचा कंडोम फाटायला वेळ लागत नाही, केमिस्टकडे वॉटर बेस्ड जेल मागा. आधी शॉवरचं पाणी जोरात मारून "साफ" करायची हौस असेल तर ती पण आवरा, अस्तर त्यानेही दुखावतं.

ओरलने एचआयव्ही होण्याची शक्यता फार कमी, पण गरमी म्हणजे सिफिलिस आरामात होतो. आणि हा भारी लबाड आजार. साधारण ३ आठवड्यांनी एक फोड येतो, दुखत नाही, तोंडात किंवा मागे असला तर दिसतही नाही, मग आपोआप बरा होतो आणि माणूस सुटलो म्हणतो, पण जंतू अंगातच असतात, पुढे कधीतरी तळहात तळपायावर पुरळ येतं. रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं, पेनिसिलिनने जातो, पण परत होऊ शकतो.

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही तर दुसऱ्या दिवशी टेस्टला धावून उपयोग नाही, एचआयव्ही एवढ्यात दिसत नाही, पक्कं उत्तर ३ महिन्यांनी मिळतं. धावायचं ते पेपसाठी, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांसाठी. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू, त्या २८ दिवस घ्यायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. असं वारंवार होत असेल तर प्रेपबद्दल, म्हणजे एचआयव्ही टाळायला आधीपासून घ्यायच्या औषधाबद्दल, विचारा, पण प्रेप फक्त एचआयव्ही अडवतं, परमा गरमी नाही. हेपॅटायटिस बीची लस घेऊन टाका, तीन डोस असतात.

सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत (सल्ला आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, बाकी एसटीआयसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, जवळचं कुठलं ते १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटी लोकांसाठी काम करणारी संस्था १९९४ पासून आहे, तिथे "लग्न झालंय का" ने सुरुवात होत नाही. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट घरच्यांना किंवा ऑफिसला परस्पर सांगता येत नाही.

काही निघालं तर पार्टनरची पण ट्रीटमेंट एकदमच करा, लग्न झालेल्या बाय (बायसेक्शुअल) लोकांनो, बायकोची सुद्धा (हे अवघड आहे माहितीये, काउन्सेलरची मदत घ्या), नाहीतर एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येतं. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ग्राइंडर (आपलं डेटिंग अॅप) बंद.